एकाची श्रद्धा, दोघांचा संसार : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील काही वाचनीय ग्रंथ

नव्या धर्मात आलेल्या माणसाने वाचावे काय, हा प्रश्न मराठीत चारशे वर्षांचा जुना आहे. गोव्यातील साष्टी प्रांतात धर्मसेवा करणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. या पुराणाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती पुढे येऊन विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही वाचावयास का देत नाही? दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो सारा ग्रंथ म्हणजे या एका प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. देव बदलला तरी संध्याकाळी घरात दिवा लागल्यावर काही वाचण्याची, ऐकण्याची गरज बदलत नाही, हे स्टीफन्सने ओळखले होते. श्रद्धा ही मंदिरात किंवा चर्चमध्ये स्वीकारली जात असली तरी ती टिकते घरात, आणि घरात टिकण्यासाठी तिला तेथील भाषेत बोलावे लागते.

तथापि ‘क्रिस्तपुराणा’च्या श्रोत्यांपुढे एक प्रश्न फारसा आला नसावा. साष्टीत धर्मांतर बहुधा कुटुंबांचे, कधी गावांचे होत असे. नवरा एका धर्मात आणि बायको दुसऱ्यात, मुलगा पाद्र्याच्या घरी आणि आई-बाप दाराशी रडत उभे, हे चित्र मराठी मुलखात ठळकपणे दिसू लागते ते एकोणिसाव्या शतकात. मुंबई, पुणे, बेळगाव, अहमदनगर येथील मिशनशाळांतून शिकलेले तरुण एकेकटे बाप्तिस्मा घेऊ लागले. त्यांची श्रद्धा ही वाचनातून, वादविवादातून, एकांतातील तळमळीतून आलेली होती. म्हणजेच ती व्यक्तीची होती. लग्न मात्र दोघांचे होते आणि घर अनेकांचे. या विसंगतीतून जे वाङ्मय जन्माला आले त्याविषयी येथे चार शब्द लिहावे असे आम्हांला वाटते.

कारण असे की, या ग्रंथांचे वाचन आज दोन वेगळ्या दिशांना फाटलेले आहे. साहित्याच्या वर्गात ‘यमुनापर्यटन’ येते ते मराठीतील पहिली कादंबरी कोणती या वादापुरते, आणि ‘स्मृतिचित्रे’ येते ते आत्मचरित्राचा उत्कृष्ट नमुना म्हणून. त्यांतील श्रद्धा ही जणू कथानकाला लागलेली एक बाब, तिच्याकडे कानाडोळा करूनच पुढे जायचे. उलट धर्मनिष्ठ वाचक हेच ग्रंथ धर्मांतराच्या विजयकथा म्हणून वाचतो. त्यांतला मोडलेला संसार त्याला केवळ परीक्षेचा काळ वाटतो. आमचे म्हणणे एवढेच की, ख्रिस्ती श्रद्धा, विवाह आणि कुटुंब यांविषयी मराठीत वाचण्यासारखे जे आहे ते याच ग्रंथांत आहे, आणि ते एका ओळीत ठेवून वाचले तर त्यांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो: दोघांपैकी एकाला सत्य सापडले असे वाटले, तर दुसऱ्याचे त्याच्यावर काय देणे राहते?

या प्रश्नाची पहिली झळ लागली ती पतिपत्नींना नव्हे, तर एका लहान मुलाला. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. वडील न्यायालयात गेले. नारायण सज्ञान असल्याने त्याच्यापुरता प्रश्नच नव्हता. श्रीपतला मात्र न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले. पण गोष्ट तेथे संपली नाही. ख्रिस्ती घरात जेवलेल्या या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावर ब्राह्मण समाजात मोठा वाद पेटला. प्रायश्चित्त देऊन त्याला घरात घ्यावे असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनी घेतला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मराठी वृत्तपत्रांच्या आद्य संपादकाला एका मुलाच्या घरवापसीसाठी एवढा झगडा करावा लागावा, यातच त्या काळच्या कुटुंबाची बंदिस्त रचना दिसते. जाणे जितके कठीण, त्याहून परतणे कठीण.

सरकारने या गुंत्यात हळूहळू हात घातला. १८५०च्या २१व्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला गेला. विवाहाला कायद्याने हात लागण्यास आणखी सोळा वर्षे लागली. त्या कायद्याकडे आपण पुढे येऊच; त्याआधी त्या सोळा वर्षांत काय वाचले जात होते ते पाहू.

त्या काळी ख्रिस्ती कुटुंबांसाठी वाचन पुरवण्याचे काम प्रामुख्याने मिशनची मुद्रणालये, पत्रकसंस्था आणि १८४२ साली अहमदनगरास सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ यांनी केले. या वाचनाचा एक ठरलेला साचा होता. हॅना कॅथरिन मुलेन्स यांनी १८५२ साली बंगालीत लिहिलेली फुलमणि आणि करुणा यांची कथा हा त्याचा उत्तम नमुना. ती लवकरच इतर भारतीय भाषांतही गेली. एक युरोपीय बाई खेड्यातील देशी ख्रिस्ती घरांना भेटी देते. फुलमणीचे घर झाडलेले, मुले स्वच्छ, शास्त्रवाचन नेमाने; करुणेचे घर अस्ताव्यस्त, नवरा व्यसनी, मुले वाया चाललेली. जेथे श्रद्धा आहे तेथे टापटीप आहे, जेथे टापटीप नाही तेथे श्रद्धेतच काही उणे आहे, असा हा हिशेब. या कथेला तिचे ऐतिहासिक महत्त्व आहे. भारतीय भाषांतील आरंभीच्या कथात्म गद्यात तिचे नाव घ्यावेच लागते. पण संसाराचा बोध करणाऱ्या सर्व पुस्तकांचा जो दोष, तोच तिचाही आहे: उत्तर आधी ठरले आहे आणि घर त्यासाठी मागाहून बांधले आहे. शिवाय पाहणारी नजर बाहेरची आहे. बाई येते, पाहते, उपदेश करते आणि आपल्या बंगल्यावर परत जाते.

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या साच्यातून अर्धे बाहेर पडते, म्हणूनच ते आजही वाचनीय आहे. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता. त्याच्या दुसऱ्याच वर्षी हे पुस्तक आले. मिशनशाळेत शिकलेली यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या ऐकतात. येथे नजर बाहेरची नाही. यमुना त्याच समाजातील बाई आहे. आज जे ऐकते ते उद्या तिच्यावरच ओढवते. विनायकराव मरण पावतो, केशवपनाची टांगती तलवार तिच्या डोक्यावर येते. अखेरीस ती ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी तिचा पुनर्विवाह होतो.

समीक्षकांनी या पुस्तकातील प्रचारकी भागाविषयी पुष्कळ लिहिले आहे. आम्हांला त्यातील एक निराळी गोष्ट लक्षणीय वाटते. यमुना आणि विनायकराव या दोघांचाही ओढा एकाच दिशेला आहे. ते एकत्र वाचतात, एकत्र बोलतात, एकत्र प्रार्थना करतात. मराठी कथावाङ्मयात पतिपत्नींचे असे सख्य, विचारांची अशी भागीदारी प्रथमच दिसते, आणि ती ख्रिस्ती विवाहाच्या आदर्शातून आलेली आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु याच सख्यामुळे त्या काळचा खरा पेच कादंबरीतून निसटून जातो. विनायकराव जगला असता आणि यमुनेने नकार दिला असता तर? किंवा यमुनेने होकार दिला असता आणि विनायकराव मागे सरला असता तर? लेखकाने मृत्यूच्या साह्याने वाट मोकळी करून घेतली आहे. बाबांनी स्वतः १८५४ साली बेळगावास बाप्तिस्मा घेतला, तो आप्तांचे दुःख आणि रोष पत्करूनच. एकमेकांशी एकमत असलेले जोडपे हे त्यांच्या काळातील वास्तव कमी आणि मनातली आशा अधिक होती.

ज्यांना या आशेमागचे घर पाहावयाचे असेल त्यांनी बाबांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र जोडीला घ्यावे. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. बाप्तिस्म्यापर्यंतचा प्रवास हा त्याचा विषय. पण त्यातील खरा ऐवज आहे तो बालपणीच्या घरातील देवपूजा, व्रते, कथा-पुराणे यांच्या तपशीलवार वर्णनात. जे सोडले ते किती जवळचे होते, हे सोडणाऱ्याच्याच लेखणीतून येथे कळते. खंडन करण्यासाठी म्हणून लिहिताना लेखकाची स्मृती त्याच्या हेतूला न जुमानता रमते, आणि तेथे तेथे पुस्तक उंची गाठते.

आता त्या कायद्याकडे येऊ. ख्रिस्ती शास्त्रात या पेचाविषयी एक मूळ स्थान आहे: करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौलाने त्याचा विचार केला आहे. विश्वास न ठेवणारा जोडीदार जर एकत्र राहण्यास राजी असेल, तर विश्वास ठेवणाऱ्याने त्याला टाकू नये. पण तोच सोडून जात असेल, तर जाऊ द्यावे, अशा प्रकरणी विश्वासणारा बांधलेला नाही, असा त्याचा आशय. एका लहानशा, नव्या मंडळीला दिलेला हा सल्ला हिंदुस्थानात अठरा शतकांनी कायद्याच्या कलमांत उतरला. गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलातील कायदा-सदस्य हेन्री मेन यांच्या पुढाकाराने १८६६ साली देशी ख्रिस्तींच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने साथ सोडली असेल, तर धर्मांतर केलेल्याला न्यायालयात जाता येई. न्यायाधीश दुसऱ्या पक्षाला समक्ष विचारून नकार खरोखर धर्मांतरापायीच आहे ना याची खात्री करी. नंतर एक वर्षाचा अवधी देई. आणि तरीही नकार कायम राहिला तर विवाह संपुष्टात येऊन दोघांनाही पुन्हा लग्न करण्याची मोकळीक मिळे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा कायदा अवश्य वाचावा, असे आम्ही मुद्दाम सुचवतो. त्यात पेचाची जाण आहे, घाई नाही. एक वर्ष थांबा, ही अट माणसाच्या मनाला वळायला वेळ लागतो हे ओळखून घातलेली आहे. पण त्या वर्षभरात त्या नाकारणाऱ्या बाईच्या मनात काय चालले असेल, याविषयी कायदा काही बोलू शकत नाही. तिचा नकार हा तिचा स्वतःचा की बापाचा, भावाचा, जातीचा? ती नवऱ्यावर रागावली आहे की त्याच्या देवावर? कायद्यापुढे ती केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारी प्रतिवादी आहे. हे बाकीचे सारे सांगावयास दुसरे वाङ्मय लागणार होते, आणि ते स्त्रीलाच लिहावे लागणार होते.

पंडिता रमाबाईंचे लेखन येथे दोन अंगांनी महत्त्वाचे ठरते. त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) हे पुस्तक स्त्रियांना वागणुकीचा बोध करणारे आहे आणि ते त्यांच्या बाप्तिस्म्यापूर्वीचे आहे. पतिनिष्ठा, गृहव्यवस्था, विद्या यांविषयीचा त्यातील सूर आजच्या वाचकाला बराच जुना वाटेल. ते लिहिताना त्या चोवीस वर्षांच्या, नुकत्याच विधवा झालेल्या, कडेवर लहान मुलगी असलेल्या बाई होत्या. पाचच वर्षांनी, १८८७ साली, त्यांनी अमेरिकेत इंग्रजीतून प्रसिद्ध केलेला उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचा ग्रंथ याच घरव्यवस्थेची कठोर चिकित्सा करतो. ही दोन पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे धर्मांतराने एका लेखिकेची भाषा आणि वाचक दोन्ही कसे बदलले हे दिसते; आणि मधल्या काळात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला हेही ध्यानात येते.

पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने रमाबाईंची साक्ष आणखी खोल जाते. त्यांचे पती बिपिनबिहारी हे ब्राह्म विचारांचे बंगाली वकील. हा विवाह १८८० साली नोंदणी पद्धतीने, जात आणि प्रांत ओलांडून झालेला. सिल्चरला असताना लूकचे शुभवर्तमान रमाबाईंच्या हाती आले आणि तेथील एका मिशनऱ्याचे विवेचन त्यांना पटू लागले. मात्र आपण उघडपणे ख्रिस्ती व्हावे हे पतीला रुचले नाही, असे त्यांनी पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत नमूद केले आहे. म्हणजे, ज्या विवाहाने जातीची आणि प्रांताची भिंत सहज पार केली, त्या विवाहालाही श्रद्धेच्या भिंतीशी थांबावे लागले. १८८२च्या फेब्रुवारीत बिपिनबिहारी गेले. यमुनेच्या बाबतीत कादंबरीकाराने जे घडवले ते रमाबाईंच्या बाबतीत आयुष्यानेच घडवले. पण रमाबाईंनी तो नकार लपवला नाही.

याच्या पुढचा अध्याय आईपणाचा आहे. इंग्लंडमध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात आणि मनोरमा वाँटेजच्या भगिनींपाशी, असे काही काळ चालले. मनोरमेला धर्मशिक्षण कोणते द्यावे, कोणी द्यावे, आईच्या संमतीवाचून द्यावे काय, यावरून रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यात जो पत्रव्यवहार झाला तो अ. भ. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती कुटुंबजीवनावर वाचण्याजोगे एकच इंग्रजी पुस्तक सांगा असे कोणी म्हटले तर आम्ही याचे नाव घेऊ. दोघीही श्रद्धाळू, दोघींचेही त्या मुलीवर प्रेम. पण एकीला वाटते मूल मंडळीचे आहे, दुसरी ठामपणे म्हणते की माझ्या मुलीच्या मनावर प्रथम अधिकार माझा आहे. श्रीपत शेषाद्रीच्या वेळी जो प्रश्न दोन धर्मांमध्ये होता तोच येथे एका धर्माच्या आत उभा राहिला आहे. धर्म एक झाला म्हणजे घरातील तंटा मिटतो, ही भाबडी समजूत या पत्रांनी पुरती मोडते.

आणि मग ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मकथन १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई १९३६च्या फेब्रुवारीत निवर्तल्या. या पुस्तकाविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात नवी भर कशाला, असे कोणी म्हणेल. पण वर सांगितलेल्या ओळीत शेवटी ठेवून ते वाचले म्हणजे त्याचा अर्थ बदलतो. १८६६च्या कायद्यातील मुकी प्रतिवादी येथे प्रथमच बोलू लागते.

नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्यात विचारलेले नव्हते. सोवळ्याच्या वेडाने झपाटलेल्या बापाच्या घरी वाढलेली, बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतलेली पाहिलेली ही बाई एका लहान मुलाला घेऊन मागे राहिली. पंढरपूर, नाशिक अशी नातलगांच्या आधाराने चार-पाच वर्षे काढली. कायद्याची वाट दोघांनाही उघडी होती असे नाही. ती टिळकांना होती. त्यांनी ती धरली नाही. पत्रे लिहिली, भेटी घेतल्या, रागावले, वाट पाहिली.

पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे गेल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. बाप्तिस्मा घ्यावा म्हणून नव्हे, तर संसार करावा म्हणून. नवरा ख्रिस्ती, बायको कर्मठ हिंदू, दोन चुली, दोन पाण्याची भांडी, आणि तरी एक घर! मराठी वाङ्मयात विवाहाचे इतके धीट चित्र दुसरे नाही असे आम्हांला वाटते. पौलाच्या पत्रातील ‘राजी असेल तर’ या शब्दांत काय काय सामावते ते येथे कळते. राजी असणे म्हणजे पटणे नव्हे. लक्ष्मीबाईंना पटले ते हळूहळू, आणि पटले ते आधी शास्त्रातील वचन नव्हे, तर जातिभेदाचा खोटेपणा. माणसामाणसांत ही विभागणी देवाने केलेली असणे शक्य नाही, हा विचार त्यांच्या मनात स्वतंत्रपणे आला आणि त्यांनी प्रथम विटाळ सोडला. १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. टिळकांचा मार्ग ग्रंथातून आचाराकडे गेला. लक्ष्मीबाईंचा आचारातून श्रद्धेकडे. दोघे एका ठिकाणी पोचले, पण एका वाटेने नव्हे. नवऱ्यामागून बायको गेली, असे या धर्मांतराचे वर्णन जे करतात त्यांनी ही पाने पुन्हा वाचावीत.

शिवाय लक्ष्मीबाई संसाराचा आदर्श मांडत नाहीत. टिळकांचा शीघ्रकोप, न सांगता निघून जाणे, हाती आलेला पैसा घरी पोचण्याआधीच दुसऱ्याला देऊन टाकणे, हे सारे त्या हसत हसत सांगतात, आणि त्या हसण्यात क्षमा आहे तशी नोंदही आहे. फुलमणीचे घर झाडलेले होते; टिळकांचे घर सदैव माणसांनी भरलेले, विस्कटलेले होते. दुष्काळातील अनाथ मुले तेथे आली. ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, तेथे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यामुळे त्यांच्या वाट्याची भाकरीही कमी झाली नाही. ख्रिस्ती कुटुंब म्हणजे एका मताची माणसे, ही व्याख्या या घराने सोडून दिली होती. ज्या घराने एकदा मतभेदापायी ताटातूट सोसली त्याला ती व्याख्या परवडणारीही नव्हती. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, त्याचा फार मोठा भाग त्यांचाच आहे. ज्या श्रद्धेने एके काळी त्यांचा संसार मोडला, तिचेच पुराण त्यांनी ओवीत लिहिले. स्टीफन्सच्या नवख्रिस्तीने मागितलेले वाचन तीनशे वर्षांनी एका मराठी गृहिणीने दिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या यादीला एक मोठी मर्यादा आहे आणि ती झाकणे बरे नव्हे. हे सारे लेखक शिकलेल्या, बहुतेक वरच्या जातींतील घरांतून आलेले आहेत. त्यांच्यासाठी धर्मांतर म्हणजे घर गमावणे होते. अहमदनगर जिल्ह्यात महार-मांग समाजांतील कुटुंबे जेव्हा ख्रिस्ती झाली तेव्हा अनेकदा नवरा-बायको, भाऊ-भावजया एकत्र आल्या. त्यांच्यापुढचे प्रश्न भाकरीचे, शाळेचे, गावकीच्या हक्कांचे आणि मंडळीतही मागे आलेल्या जातीचे होते. त्यांच्या संसाराची ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली असती तर ती निराळी झाली असती. या उणिवेची जाणीव ठेवूनच ही पुस्तके वर्गात न्यावीत.

हा सारा इतिहास आता संपला, असे मात्र समजू नये. १८६९च्या ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होई, पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग असे दुसरे कारणही दाखवावे लागे. ही विषमता मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली प्रगती वर्गीस खटल्यात घटनाबाह्य ठरवली आणि २००१च्या दुरुस्तीने ती कायद्यातून गेली. त्याच दुरुस्तीनंतर, जोडीदाराने ख्रिस्ती धर्म सोडून अन्य धर्म स्वीकारला तर तेही घटस्फोटाचे कारण ठरते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही हिंदू धर्म सोडणाऱ्याविषयी तसेच कलम आहे. एक फरक लक्षात घ्यावा: १८६६चा कायदा धर्म बदलणाऱ्याच्या हाती सुटका देत होता, आजचे कायदे ती मागे राहिलेल्याच्या हाती देतात. पारडे फिरले आहे. प्रश्न तोच आहे. अशा वेळी सुटकेपलीकडेही काही शक्य असते काय, हे कायदा सांगत नाही. त्यासाठी लक्ष्मीबाईंकडेच जावे लागते.

म्हणून अध्यापक मित्रांना आमची एक लहानशी सूचना आहे. कालक्रम सोडून द्यावा आणि ‘स्मृतिचित्रे’ आधी वाचायला द्यावे. मग रमाबाईंची पत्रे, मग १८६६चा कायदा पौलाच्या सातव्या अध्यायासह, आणि सर्वांत शेवटी ‘यमुनापर्यटन’. असे उलटे वाचत गेले म्हणजे यमुना आणि विनायकराव यांचे एकमत प्रचारकी वाटेनासे होते. ज्या काळात नवरा-बायकोंना एकत्र बसून एखादे पुस्तक वाचणेही दुर्मीळ होते, त्या काळातील एका एकाकी तरुणाने ते स्वप्न पाहिले होते, एवढे ध्यानी येते. आणि त्या स्वप्नाची किंमत पुढे कोणी, किती वर्षांनी आणि किती हसतमुखाने चुकती केली हेही आपण तोवर वाचलेले असते.